बंद बाहीचं जाकीट

मुरबाडवरून पुढे जाणारी बहुतेक मंडळी माळशेज घाटात जातात. धबधब्याखाली उभी राहतात, भाजलेलं कणीस खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी येतात. मी मुरबाडला उतरलो तो एका जाकिटासाठी. त्यामुळे या लेखात धबधबा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना तो हवा असेल त्यांनी थेट घाट गाठावा.

मी कपड्यांचा डिझायनर आहे. आमची मुंबईतली कंपनी लहान आहे आणि ती ‘शाश्वत’ कपडे बनवते. कारखान्यांत कापून उरलेलं, छपाई बिघडलेलं कापड गोळा करायचं आणि त्यातून नवे कपडे शिवून घ्यायचे, असा हा उद्योग. अशा कपड्यांना साध्या कपड्यांपेक्षा मोठं लेबल लागतं, कारण त्यावर बरंच काही लिहायचं असतं. या वेळच्या लेबलावर लिहिलं होतं, ‘गावातल्या बायांनी हातांनी शिवलेलं’. लेबलं आधी छापून आली. मग बाया शोधायला मला सांगण्यात आलं.

मी गोधडीच्या टाक्याचं एक जाकीट काढलं होतं. त्याचं चित्र फोनवरून विद्याताईंना पाठवलं. विद्याताई मुरबाडला एका संस्थेत शिवणाचे वर्ग चालवतात. त्यांनी ते डोळखांबच्या वर एका पाड्यावर दिलं, सोबत आमचं कापडाचं गाठोडं दिलं, आणि गणपती गेल्यावर मला फोन केला, “नमुना तयार आहे. टाका फार सुंदर पडलाय. बाकी तुम्ही स्वतःच येऊन बघा.”

या ‘बाकी’त काय असेल, याचा विचार करत मी निघालो.

धसई

पहिला दिवस धसईत गेला, कारण विद्याताईंचं तिथे काम होतं आणि त्या दिवशी बाजार होता. ढगांत एका बाजूला बोट दाखवून त्या म्हणाल्या, “तो सिद्धगड.” मी मान डोलावली. परतेपर्यंत तो मला एकदाही दिसला नाही, पण तिथेच असणार.

बाजारात काकड्या, दुधी, शिराळी, सुकट, बोंबील, विळे आणि प्लास्टिकच्या बादल्या होत्या. एका ताडपत्रीवर टी-शर्टांचा ढीग होता. त्यातला एक उचलला आणि तो ओळखीचा निघाला. आधीच्या नोकरीत मीच काढलेला. छातीवर एक उदास हत्ती होता आणि हत्तींना वाचवा अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं. हा माल मोठ्या दुकानांत खपला नव्हता हे मला माहीत होतं. तो कुठे गेला हे आज कळलं.

“घ्या ना सायेब,” विकणारा म्हणाला, “कंपनीचा माल हाय. डिझाइन बगा.”

मी म्हटलं, “हत्तीचे पाय जरा आखूड वाटतात.”

“त्येला काय व्हतं, हत्ती बसलाय आसं समजायचं.”

मी तो घेतला. माझ्या कामाचं इतक्या आपुलकीने कोणी समर्थन केल्याचं आठवत नव्हतं. दुपारी विद्याताईंच्या ओळखीच्या घरी तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण जेवलो. आमच्याकडे मुंबईत चिंबोरी मागवली की सोबत ती फोडायचा चिमटा येतो. इथे दात असतात, असं गृहीत धरलेलं आहे.

पाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी सरळगाव, किन्हवली करत आम्ही डोळखांबला पोचलो आणि तिथून जीपने वर निघालो. जीप जिथे थांबली तिथून पाड्यापर्यंत भातखाचरांच्या बांधावरून चालायचं होतं. भात नुकतंच निसवत होतं, लोंब्या हिरव्या होत्या, आणि बांध इतका गुळगुळीत होता की मी डाव्या बाजूच्या खाचरात उतरलो. उतरलो म्हणजे बसलो.

बांधाच्या टोकाला एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत घेतलेलं लुगडं, हातात विळा. तिने मला उठू दिलं, मग विचारलं, “लागलं का?”

“नाही.”

“भात मोडलं का बगा.”

ही जनी. आमचं जाकीट जिच्या टाक्यातून निघालं होतं ती हीच. तिच्या घरी मला तिच्या नवऱ्याची, काशिनाथची, अर्धी चड्डी मिळाली आणि धसईचा हत्ती अंगात आला. अशा वेषात मी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून पडवीत चटईवर बसलो. पाच-सहा बाया जमल्या. कोरा चहा आला. मी कोण, हे त्यांना नीट कळावं म्हणून विद्याताईंनी सांगितलं, “हे डिझायनर आहेत.”

“शिंपी?” जनीची जाऊ सुनीता म्हणाली. पाड्यावरचं एकुलतं एक शिवणयंत्र तिच्याकडे आहे.

“तसंच काहीसं,” मी म्हटलं. “पण मी शिवत नाही. काढतो फक्त.”

“मंग शिवतं कोन?”

“तुम्ही.”

यावर त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग जनीने आतून जाकीट आणलं.

विद्याताई खोटं बोलल्या नव्हत्या. टाका सुंदर होता. बारीक, सरळ, कडेपासून आत आत वळत गेलेला धावदोरा, आणि निळ्या-करड्या तुकड्यांची अशी बसवणी की बिघडलेली छपाई मुद्दामच केल्यासारखी वाटत होती. मला मनापासून आनंद झाला. मी ते अंगात घातलं. उजवा हात बाहीत घातला, तो आत गेला आणि बाहेर आला नाही. डावा घातला, तोही आला नाही. दोन्ही बाह्यांची तोंडं शिवलेली होती. तीही त्याच बारीक, सरळ टाक्याने.

मी दोन्ही हात समोर धरून उभा राहिलो. बाया उत्सुकतेने बघत होत्या.

“हात कुठून काढायचे?” मी विचारलं.

“थंडीचंच हाय ना?” जनी म्हणाली. “मंग बाहेर कशाला काढायचे?”

“नाही, पण काम करायचं असलं तर?”

“काम करताना कोन जाकीट घालतं, गो?” मागून कोणीतरी म्हणालं.

मग सगळा उलगडा झाला. गोधडीची कड उघडी ठेवत नाहीत. चारी बाजू आधी बंद करायच्या आणि मग कडेकडेने मध्याकडे शिवत जायचं, ही इथली रीत. उघडी कड राहिली तर दोरा सुटतो. “आन उघड्या कडंतनं झोप निगून जाते,” जनी म्हणाली, “माजी सासू सांगायची.” शिवाय माझ्या चित्रात बाहीच्या टोकाला आडवी रेघ होती, आणि बाकी सगळीकडे रेघ म्हणजे टाका असाच अर्थ होता.

“तुम्हाला शंका नाही आली?”

“आली ना,” सुनीता म्हणाली. “पन आमाला वाटलं, फॅशन आसल. पोरं फाटलेली जीन्स घालतात, तर शिवलेली बाही का नसल?”

याच क्षेत्रात माझी हयात गेली आहे आणि यापेक्षा वाईट कारणांनी वस्तू बाजारात आलेल्या मी पाहिल्या आहेत.

बाह्या उसवायला घेतल्या आणि जाकीट कुंपणावर टाकून आम्ही जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, सुकटीची चटणी. हात धुवून येईपर्यंत जनीच्या शेळीने जाकिटाची पुढची बटणं खाल्ली होती. ती बटणं केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्यापासून वळलेली होती. आमच्या लेबलावर ‘संपूर्ण नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं आणि मला स्वतःला त्याबद्दल थोडी शंका होती. ती फिटली.

रेघ

दुपारी जनी माझ्याशी कामाचं बोलायला बसली. ती आडवळणाने बोलत नाही.

दिवाळी झाली की पाड्यावरची बहुतेक घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुकादम नवरा-बायकोची जोडी घेतो, एकट्याला घेत नाही. बाई चिखल तुडवते, गडी विटा पाडतो. मुलं बरोबर जातात. गेल्या वर्षी जनीची मोठी मुलगी सोनाली नववीत होती. तिला शाळेतून काढून भट्टीवर नेलं, कारण धाकट्याला सांभाळायला आणि चूल पेटवायला कोणी नव्हतं. वर्गशिक्षिकेने कसंबसं तिला वर ढकललं. या वर्षी दहावी आहे.

“मला ह्या वर्सी जायचं नाय,” जनी म्हणाली. “मुकादमाला दसऱ्याच्या आत सांगायचं आसतं. तुमचं काम खरं आसल तर आत्ताच सांगा. खोटं आसल तरी आत्ताच सांगा.”

मी चित्राकडे पाहिलं. पहिली अडचण लगेच दिसली. माझ्या जाकिटाचे चौदा तुकडे होते. खांद्याला गोलाई, काखेत कळी, बाहीला वळण. हे सगळं जोडायला यंत्र हवं. यंत्र सुनीताकडे; नमुनाही तिनेच जोडून दिला होता. म्हणजे काम आलं तर एका घराला आलं असतं, आणि जनीसकट बाकीची घरं ट्रकमध्ये बसली असती. ही गोलाई मी मुंबईत एका शुक्रवारी दुपारी काढली होती. का काढली, याचं कारण आठवून बघितलं. छान दिसत होती, एवढंच होतं.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कापड कोणतं, रंग कोणता, पाणी किती लागतं याचा डिझायनरने विचार करावा. तो मी करत होतो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली शेळ्या कोणाच्या आहेत हे दिसत नाही, आणि मला आजवर ते दिसलं नव्हतं. त्या पडवीत मला माझ्या त्या गोल रेघेचा खरोखर राग आला.

उरलेली दुपार मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर नवं जाकीट काढण्यात घालवली. गोलाई सगळी काढून टाकली. पाठ एक आयत, पुढचे दोन आयत, बाह्या दोन आयत. पाच छोट्या गोधड्याच. प्रत्येकीची कड चारी बाजूंनी बंद, रीतीप्रमाणे. मग त्या एकमेकींना हातानेच जोडायच्या. यंत्र नको, कात्री नको, आणि पाच जणींनी पाच अंगणांत बसून एकच जाकीट शिवावं. खांदे थोडे उतरलेले दिसणार होते. लोक हल्ली तेही आवडीने घेतात.

सुनीताने ते बघितलं. “म्हंजे माजं मशीन रिकामं,” ती म्हणाली. तिला ते आवडलं नव्हतं आणि तिने ते लपवलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पन मंग आमी बी एकट्याच ऱ्हायलो आसतो पाड्यावर. बोलायला कोन व्हतं?”

टाकीजवळचं वळण

दुसरी अडचण मुंबईत होती. पाड्याच्या वर पाण्याच्या टाकीजवळ एका वळणावर फोन लागतो. तिथे एक सपाट दगड आहे. त्यावर चढून मी आमच्या मॅडमना फोन लावला. मॅडम चांगल्या आहेत. त्या प्लास्टिकची पिशवी वापरत नाहीत आणि पगार वेळेवर देतात.

“जाकिटं दिवाळीआधी हवीत,” त्या म्हणाल्या.

“दिवाळीआधी भातकापणी आहे.”

“ती किती दिवस चालते?”

“भात संपेपर्यंत.”

“थोडं आधी नाही का कापता येत?”

मी खाली खाचरांकडे पाहिलं. “विचारून बघतो,” मी म्हटलं. “पण यांना वेळ आहे तो दिवाळीनंतर. तेव्हा काम दिलं तर ही घरं भट्टीवर जाणार नाहीत. माल संक्रांतीनंतर येईल.”

“थंडीचं जाकीट उन्हाळ्याच्या तोंडावर कोण घेईल?”

हा प्रश्न मी पाठ करूनच दगडावर चढलो होतो. “मॅडम, मुंबईत थंडी कुठे असते? ऑफिसात. एसीत. आणि एसी कधी जास्त लावतात?”

मॅडम म्हणाल्या, “मागचं अस्तर काढून टाक. हलकं कर. आणि प्रत्येक जाकिटाला तू जबाबदार. माल आला नाही तर मी त्या बायांना विचारणार नाही, तुला विचारीन.”

मी हो म्हटलं. दगडावरून उतरताना पाय घसरला, पण या वेळी खाली भात नव्हतं.

संध्याकाळी काशिनाथ रानातून करांदे, म्हणजे रानटी कंद, घेऊन आला. ते उकडून मिठाबरोबर खाताना त्याने उसवलेल्या बाह्यांचं जाकीट हातात घेतलं, उलटं केलं, कड ओढून पाहिली. जनीने त्याला सगळं सांगितलं होतं. तो मुकादमाला एकदा नाही म्हणाला तर त्याच्या जोडीची जागा दुसऱ्या जोडीला जाणार होती, आणि पुढच्या वर्षी ती परत मिळेलच असं नव्हतं. म्हणून त्याने मला नीट विचारून घेतलं.

“ह्ये किती वरीस टिकतं?”

इथे मी खुललो. “दहा वर्षं तरी सहज. तोच तर मुद्दा आहे. लोकांनी कमी घ्यावं, चांगलं घ्यावं, आणि पुष्कळ वर्षं वापरावं.”

काशिनाथने करांद्याची साल काढली. “मंग ज्यांनी ह्या वर्सी घेतलं, ते दुसऱ्या वर्सी कशाला घेतील?”

आमच्या क्षेत्रात यावर परिषदा भरतात आणि जेवण चांगलं असतं. उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

“दुसरी माणसं घेतील,” मी म्हटलं.

“मुंबईत लय माणसं हायत,” काशिनाथ स्वतःशीच म्हणाला. त्याने दुसरा करांदा माझ्याकडे सरकवला. त्या रात्री त्याने हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही, आणि सकाळी मी निघालो तेव्हाही तो बैल सोडून गेलेला होता. जनी बांधापर्यंत आली. “मी सांगते त्येला,” एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर

दिवाळीनंतर मी कापडाची गाठोडी घेऊन परत गेलो. खाचरं रिकामी झाली होती, बांध कोरडे होते आणि मी पडलो नाही. डांबरी रस्त्यावर भट्टीचा ट्रक उभा होता. खालच्या पाड्यांवरची माणसं चढत होती. हंडे, गोणी, अंथरुणं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. आमच्या पाड्यावरचीही दोन घरं निघाली होती. एवढं काम सगळ्यांना पुरणार नव्हतं, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. सांगून टाकलं म्हणून ते बघणं सोपं गेलं नाही.

काशिनाथ ट्रकजवळ होता. मी पोचलो तेव्हा तो एक गोणी वर फेकत होता आणि मला वाटलं, तोही निघाला. मग दुसरी गोणी फेकली, एका म्हातारीला हाताला धरून वर चढवलं, आणि फळी लावून खाली उभा राहिला.

मुकादमाने पुढून हाक मारली, “काशिनाथ, अजून जागा हाय बग. पुढल्या वर्सी मंग माज्याकडं येऊ नको.”

काशिनाथने डोक्याचा टॉवेल काढून पुन्हा बांधला. “नाय यायचो,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

ट्रक निघाला. वळणापर्यंत वर बसलेली मुलं ओरडत होती, मग फक्त धूळ उरली. सोनाली शाळेचा ड्रेस घालून माझ्या गाठोड्याजवळ उभी होती. ती ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग उशीर झाला म्हणत शाळेकडे पळाली. मी गाठोड्याची गाठ विनाकारण सोडून पुन्हा बांधली.

काशिनाथने एक गाठोडं खांद्यावर घेतलं आणि तो पुढे गेला. जनी माझ्याजवळ थांबली. ती हसत नव्हती. रिकाम्या रस्त्याकडे बघत तिने हिशेब केला असावा: मुकादम गेला, जागा गेली, भात घरात आलं आहे पण ते उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही, आणि मुंबई एवढं मोठं शहर असलं तरी पाड्याला ओळखणारा त्यात एकच माणूस आहे.

“सर,” ती म्हणाली, “आता तुमी तब्येतीला जपा.”

मी म्हटलं, जपतो.

हे लिहीत असताना पहिली जाकिटं मुंबईत आली आहेत. सगळ्या बाह्या उघड्या आहेत. मॅडमना ती आवडली, पण पुढच्या वर्षाचं त्या अजून काही बोललेल्या नाहीत, आणि मी दर सोमवारी विचारतो. मधल्या काळात मी सिगरेट सोडली, रक्त तपासून घेतलं, आणि रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो.